गुडघ्याचं अपील

फौजी माणसाला "दुखतंय" म्हणायला लावून बघा एकदा! आमच्या गारखेड्यातल्या दत्तूकाकांचा गुडघा नोकरीतच कामातून गेला. तरी मेडिकल बोर्डानं अपंगत्वाचे टक्के इतके कमी लावले की अपंगत्वाची पेन्शनच बसंना. मग अपील केलं. फेरतपासणीला लष्करी दवाखान्यात मी अन् काकू सोबत गेलो. काकू वाटभर पढवत होती, "विचारलं की दुखतंय म्हणा. तिथं मर्दुमकी नको."

वर्दीतले डॉक्टर आत आले. काकांनी काठी माझ्या हातात कोंबली अन् खाडकन सावधानमध्ये उभे!

"कैसे हो, हवालदार?"

"एकदम ठीक, साब!"

काकूनं कपाळावर हात मारला. "साहेब, मागच्या बारीलाबी असंच झालं. वर्दी दिसली की ह्यांचं दुखणं पळतंय. वरून पांढरा कोट घाला, मग विचारा."

डॉक्टर हसले. निघाले मराठीच! खुंटीवरचा कोट चढवून काकांशेजारी बसले. "काका, घरी जिना कसा चढता?"

काकांनी काकूकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "हिच्या खांद्यावर हात ठेवून."

काकू लगेच म्हणाली, "मग साहेब, माझ्या खांद्याचेबी टक्के धरा!"