कूलर बंद ठेवलेला उन्हाळा

वैशाखात एका दुपारी सुशीच्या सासरी टेबलाची फळी तडकली. सुशी आमची मुलगी, आणि टेबल तिच्या वडिलांनी तिला लग्नात करून दिलेलं.

हे कुहीकडचे, सुतारकाम घरातलंच. मी मॅट्रिक झालेली, पुस्तकात डोकं घालून बसणारी. नागपुरात महाल भागात पुढे दुकान, मागे घर, आणि काय सांगू तुम्हाला, सुशीच्या लग्नाआधी उकाडा असा की ह्यांनी कूलर कामाच्या जागी लावला आणि त्या ओल्या वाऱ्यातच टेबल केलं. मधे एक खांब, खाली तीन पाय, वर गोल फळी, आणि फळीखाली आडवी पट्टी सरस लावून, स्क्रू पिळून घट्ट बसवलेली. सुशीचं सासर जरीपटक्याला, वर टिनाचं छप्पर, कूलर नाही. फळी सुकून आकसायला बघत होती, पट्टी सोडेना. भर पाहुण्यांत आवाज झाला. विहीणबाई म्हणाल्या, काहून वं सुशे, तुहा बाप पापडाचं टेबल बनवते का, आणि संध्याकाळी टेबल सायकलरिक्षातून परत. पुढे कुणी आलं गेलं की तो पापड निघायचाच, सुशी ऐकून घ्यायची.

ह्यांनी पावसाळ्यात दुसरं करायला घेतलं. पट्टीत स्क्रूचं मधलं भोक गोल, कडेची दोन लांबट, सरस नाहीच. मला म्हणाले, आता फळीले सरकाले जागा हाये वं, पण एक उन्हाळा आपल्या घरी काढू दे, कूलर लावू नको, मंगच पाठव. पुन्हा तडकलं तं पोरीचं तिथं काही खरं नाही.

मार्गशीर्षात हे गेले. ताप म्हणता म्हणता गेले.

उन्हाळा आला, मी कूलर लावला नाही. शेजारच्या काकू म्हणायच्या, काहून जीव देऊन राहिली वं, माणूस तं गेला, टेबलापायी तू बी जाशीन का. मी पुस्तक घेऊन टेबलापाशी बसायची, पण पान उलटत नसे, कान फळीकडे. भांडं वाजलं तरी आधी फळीकडे बघायची. एका दुपारी खरंच कट् वाजलं. मग बोटांनी फळी चाचपली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, काही नव्हतं. वाकून खाली पाहिलं, तर कडेचे दोन्ही स्क्रू लांबट भोकांतून मधल्या स्क्रूकडे सरकलेले. ह्यांनी ठेवलेली जागा फळीला लागली होती.

मृग लागल्यावर सुशी आली, टेबल घेऊन गेली. विहीणबाई आता पापड काढत नाहीत, भाजीतलं मीठ काढतात, ते चालायचंच. सुखात राहो पोरगी.

तडकलेलं माझ्याकडे आहे. त्यावर मी चहा ठेवते.