राख चोळलेली ज्वारी

— नको, ते चकचकीत पाकीट नको मला, रूपल. सुटा चहा दे, कागदाच्या पुडीत, वरून दोरा — तुझे आजेसासरे दीपचंदभाऊ बांधायचे ना, तशी. सुटा ठेवत नाहीस? मग फोड एखादं! अकराला जळगावची बस शे, तिथून पुढं पहूर. किती वाजले बघ बरं, मला नाही कळत ते घड्याळ.

हसू नको. साठ वर्षांमागं इथं या सामान भरायच्या ढकलगाड्या कुठल्या! गोणपाट, तराजू अन् भाऊ. आम्ही बठ्ठ्या, गावातल्या साऱ्या सुना, दुपारी मागच्या दारानं यायचो, पदरात ज्वारी घेऊन. पदर ओतायचा, चहा-साखर न्यायची. आमच्या घरी चहा चालायचा नाही — सासू म्हणायची, रक्त जळतं. मग काय, ती आडवी झाली की पातेल्यात उकळायचा, चार घोट, की टाकलं पातेलं घासायला. चोरी? घरचीच ज्वारी, चोरी कसली!

एकदाच चुकले. अंधाऱ्या खोलीत दोन मडकी, एक खायचं, एक बियाण्याचं — घाईत हात गेला तो बियाण्यात. बियाण्याला राख चोळलेली असते ना, कीड लागू नये म्हणून. भाऊंनी पदरातल्या ज्वारीवर फुंकर मारली, राख उडाली, माझ्याकडं पाहिलं. घेतली. सांजेला सासूला मडक्यापाशी राख सांडलेली दिसली. दाखवा म्हणे हात. माझे धुतलेले. राखेचे हात कुणाचे? राखेनं भांडी घासणारीचे — धाकटी जाऊ माझी, भागाबाई. माझंच चहाचं पातेलं घासत होती गं ती! दुसऱ्या सकाळी पहूरला, माहेरी. परत आणलीच नाही कुणी.

मी? मी कशी बोलणार, तान्हं होतं मांडीवर... नाही, ते पुढच्या वर्षी. काहीच नव्हतं मांडीवर. तोंड होतं, अन् तोंडात चहाची चव.

काल निरोप आला — भागाबाईनं अन्न सोडलं, चमच्यानं नुसता चहा घेते. ती शुद्धीत आहे तोवर सांगायचं शे मला. किती वाजले म्हटलीस?

दोरा नाही? कागदही नाही? राहू दे मग. फोडलंस ना? ओत इथं. अगं पिशवीत नाही — पदरात. पदरातूनच आणली होती ज्वारी, पदरातूनच नेते चहा. ओत म्हणते ना!

आता बघत काय राहिलीस? मागचं गिऱ्हाईक बघ तुझं.