थँक्सगिव्हिंगचे घारगे

हॅलो?

हो, मीच. पिनरच्या या घरात फोन आता दुसरं कोण उचलणार… नाही गं मंजू, टोमणा नाही. बोल. ऑफिसातनं बोलतेयस का? जेवलीस?… सँडविच म्हणजे जेवण नव्हे. बरं, बरं.

अगं, बरं झालं तूच केलास. मीच करणार होते. शनिवारच्या थँक्सगिव्हिंगचं सगळं ठरवून ठेवलंय मी, गुरुवारी इथे कुठे कुणाला सुट्टी असते…

हो, सांग ना, सांग. पण आधी माझं ऐक, नाहीतर विसरून जाईन. टर्की नेथनने आणायची आणि कापायचीही त्यानेच. दरवर्षी तुझे बाबा सुरी परजत उभे राहायचे, आणि स्वतःच्या पानात मात्र नट रोस्ट… हो ना. जन्मात मांसाला हात लावला नाही, पण अमेरिकन जावयाच्या सणाला टर्की कापायचा मान सासऱ्याचा, म्हणून हट्ट. आणि नेथन बिचारा बाजूला ताटली धरून. या वर्षी सुरी त्याच्या हातात देणार आहे मी. सांग त्याला… अगं सांगशील गं सावकाश, आज संध्याकाळी सांग.

आता तुझ्या लेकीचं, मायराचं. ती अजून तेच करतेय ना, दूध नाही, लोणी नाही?… मधही नाही? मधाने काय केलं बाई… हां, मधमाश्यांचा आहे तो. बरोबर आहे तिचं. आपण कधी विचारलंच नाही त्यांना.

तर तिच्यासाठी मोठा स्क्वॉश आणलाय, भोपळाच तो. त्याचं पोट कोरायचं, आत मसालेभात भरायचा, आणि ओव्हनमध्ये. मध्ये ठेवला की दिसेल कसा, एखाद्या पोटुशीसारखा… हस, हस. बटाट्यांचं मॅश तुमच्यासाठी आहेच, पण शेजारी आपली पिवळी बटाट्याची भाजी. स्प्राउट्सना, त्या चिमुकल्या कोबीगड्ड्यांना, हिंग-मोहरीची फोडणी. हे इंग्रज लोक नुसते उकडतात नि मग मुलं खात नाहीत म्हणून मुलांनाच बोलतात.

आणि क्रॅनबेरीचा मी मेथांबा करणार आहे. अगं हो, कैरीचा करतो तस्साच. गूळ, मेथीदाणे, तिखट. आंबट ते आंबट. इथे येऊन इतकी वर्षं झाली, कैरीची वाट किती बघायची…

मंजू? आहेस ना?… मग हुंकार तरी दे. गोष्ट सांगताना हुंकार लागतो, तूच म्हणायचीस लहानपणी.

हो, सांगायचंय तुला काहीतरी. कळलंय मला ते. पण गोडाचं तेवढं ठरू दे. त्या पंपकिन पायमध्ये अंडी, क्रीम, म्हणजे मायरा उपाशी. त्यापेक्षा घारगे. भोपळा तोच, गूळ घातला की सण आपला. आणि नेथनला ते…

काय?

…शनिवारी स्टॅनमोरला? जेवायला?

कोणाकडे?… राज. नेथनच्या ऑफिसमधला. अच्छा. आणि बायको अमेरिकन आहे त्याची. मग तिलाही बरं वाटेल गं, तिकडचं कुणी आलं घरी की… नाही, रागावत कुठे आहे मी. विचारतेय नुसतं. कधी ठरलं?

…अच्छा. दिवाळीनंतर लगेच.

हो. हो, आलं लक्षात. तुला वाटलं, बाबा फेब्रुवारीत गेले, आईकडे अजून वर्ष आहे, म्हणजे या वर्षी काही नसणार… बरोबर आहे तुझं. गणपतीला मीच नको म्हणाले. दिवाळीलाही मीच म्हणाले, माझ्याकडे काही नाही, तुम्ही तुमच्याकडे करा. चुकलं नाही गं तुझं काही.

पण मंजू, हा सण आपल्या पंचांगात आहे का? नाही, मी बघितलं. खरंच बघितलं, हसू नकोस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर शनिवारचा चौकोन अगदी मोकळा आहे. ना एकादशी, ना चतुर्थी. मला वाटलं, चला, हा एक सण असा आहे की ज्याला आपला दुखवटा ठाऊकच नाही. सगळे दार चुकवून गेले, हा तरी येईल आपल्याकडे.

…अगं, ऐक ना. दिवाळीला काय झालं ते तुला सांगितलंच नव्हतं. रीतीप्रमाणे सगळ्यांनी फराळ आणून दिला. हॅरोच्या मंडळातली सुचेता आली, चकल्यांचा डबा हातात दिला, दारातच. आत ये म्हटलं तर म्हणाली, नको वहिनी, तुम्हाला कशाला त्रास. पाठोपाठ बाकीच्यांचं तेच. किती जपून बोलतात सगळे, चपला काढत नाहीत तेवढ्या. डबे आले गं, माणसं नाही आली. आणि चकल्या इतक्या कुरकुरीत. एकटीने चकली खाताना आपल्याच दातांचा आवाज केवढा येतो, तुला माहीत नाही.

…मला? स्टॅनमोरला? नको. अनोळखी घरी नको वाटतं. ते विचारणार कशा आहात, मी म्हणणार छान. मग जेवणभर छान असावं लागतं.

नाही, तुम्ही रद्द वगैरे अजिबात करायचं नाही. कुणीतरी तुमच्यासाठी रांधतंय. वाढलेलं पान रिकामं ठेवू नये… हो, मनापासून म्हणतेय.

…बरं, निम्मं मनापासून. पण जायचंच तुम्ही.

काय करते म्हणजे? वाचते, चालून येते, रेडिओ असतो. भांडी घासते. एकटीची भांडी ती किती, पण मी लांबवते. घासता घासता काहीतरी जुळवत असते आपलं, ओवीसारखं… छे, तुला कशाला ऐकवू… बरं. हसायचं नाही मात्र.

एकलीच्या रांधणाला मीठ पडलं की नाही,
पुसायाला पानावरी शेजी नाही, लेक नाही.

…मंजू?

अगं, तुला लागावं म्हणून नाही म्हटलं. जुळलं तसं म्हटलं. ओवीत लेक आपोआप येते, तिला बोलवावं लागत नाही… रडू नकोस ऑफिसात. कुणी बघितलं तर म्हणतील, हिच्या आईला काही झालं की काय.

खरं सांगू तुला? ते जेवण राहू दे. मला तुझ्याकडून एकच हवं होतं. आपल्या घरची रीत तुला माहीत नसेल. घरातलं माणूस गेलं की वर्ष होईतो कढई चढवायची नाही, तळण नाही. पण मध्येच दुसऱ्या घरच्या कुणी येऊन पहिला घाणा तळला, की घर मोकळं होतं. लग्न झालेली लेक चालते. म्हणून म्हटलं, तू येशील, घारगे तळशील…

हो, मीच म्हणायचे, हे सगळं जुनं आहे म्हणून. बाबा होते तोवर म्हणत होते.

नाही, कोण अडवणार मला? कुणी नाही. पण कसं आहे ना, रीत पाळली की माणूस नुकताच गेल्यासारखा राहतो घरात. मला तेच हवं होतं. आता नको झालंय, मंजू. पण मीच उठून कढई चढवली, तर त्यांना ढकलल्यासारखं वाटेल. दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं, की बास. मग मलाही कुणाला काही करून घालता येईल. सुचेताला आत बसवता येईल.

…कणीक? मळलेली आहे की. नमुन्याला म्हणून सकाळीच मळली. आधी तो हॅलोवीनचा उरलेला भोपळा घेणार होते, पण तो नुसता कोरायचा, पाणचट. मग बटरनट भोपळा किसला…

काय म्हणतेस?

आत्ता?… फोनवर? असं चालतं का पण?… हो, ते खरं. चालत नाही असंही कुठे लिहिलेलं नाही.

अगं पण तुझं काम… बरं. बरं, थांब.

थांब हं, कढई खालच्या कपाटात आहे. वाकायला लागतं… मिळाली. धुळकटलीय. पुसते… तेल घालतेय. फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलाय… व्हिडिओ नको, केस विंचरलेले नाहीत. नुसतं ऐक तू.

तापतंय अजून… हो, खिडकी उघडलीय, नाहीतर तो धुराचा अलार्म कोकलेल… प्लॅस्टिकवर थापतेय, तुझी आजी केळीच्या पानावर थापायची. जरा जाडच झालाय. हात विसरला वाटतं.

…तापलं.

मंजू, घारगा हातात आहे बघ माझ्या. आता तू म्हणायचंस. सोड म्हण.

…नाही ऐकू आलं. मोठ्याने म्हण. असू दे लोक बाजूला, त्यांना काय कळतंय मराठी.

…

सोडला.

ऐकू येतंय तुला?… हां, तोच. तोच आवाज. किती दिवसांनी गं या घरात… थांब, बोलू नकोस. फुगतोय. वर आला… फुगला गं, टम्म. बाबा असते तर तोंड भाजून घेतलं असतं, दम कुठे होता त्यांना.

…हो, हो, मीटिंग. जा तू. पण ऐक, शनिवारी राजकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. मी डबाभर तळून ठेवते, लोण्याशिवाय, मायराला चालतील असे. शुक्रवारी न्यायला या, नेथनला घेऊन ये. उभ्या उभ्या नको मात्र, बसायचं जरा. वरणभात टाकेन, काही मोठं नाही. येशील ना?

मंजू? येशील म्हणालीस का?

हॅलो?… हॅलो?

गेला वाटतं.

…बरं. दुसरा मीच सोडते.