फळीखालच्या बरण्या

अगं, परवा काय झालं सांगते. हे जाऊन वर्ष झालं, म्हणून गॅलरीतलं त्यांचं वर्कशॉप रिकामं करायला भंगारवाल्याला बोलावलं. फळीखाली लोणच्याच्या जुन्या बरण्या लटकलेल्या, आत स्क्रू आणि खिळे. तो ओढायलाच लागला.

“अरे, ओढू नकोस, फिरव. झाकणं फळीला बसवलीत.”

बरणी अलगद त्याच्या हातात आली. “मावशी, डोकं कोणाचं हे?”

“आमच्या ह्यांचं. लोणचं संपायच्या आत बरणी पळवायचे.”

“माझ्या दुकानात असंच करायचंय. काका कधी भेटतील?”

तोंडून निघूनच गेलं, “रविवारी ये ना, घरीच असतात.”

“मग त्यांना विचारूनच नेतो सगळं,” म्हणत तो रिकामं पोतं घेऊन गेला.

त्याला काय सांगू, कळत नाही. पण तेव्हापासून मीसुद्धा रविवारची वाट बघतेय गं.