भाऊजींची पिशवी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले निवृत्त स्टेशनमास्तर. प्रमुख पाहुणे इंजिन ड्रायव्हर साहेब, जे आज वेळेवर पोचले याचं सगळ्यांना फार कौतुक वाटलं. रेल्वेप्रेमी मंडळाचे पदाधिकारी आणि सभासद. मागच्या रांगांत बसलेल्या त्यांच्या बायका, ज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या या मंडळाने गिळल्या. आज ज्यांना आपण निरोप देतोय ते सहलप्रमुख, म्हणजे माझे भाऊजी. आणि त्यांच्या शेजारी बसलेली माझी थोरली बहीण. सर्वांना सविनय नमस्कार.

बोलायला मला का उभं केलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. चौकशी केली तेव्हा कळलं, की सभासदांपैकी जो कोणी बोलायला उठेल तो दोन वाक्यांत भाऊजींना सोडून इंजिनांकडे वळेल, अशी कार्यकारिणीला खात्री होती. म्हणून जिला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, तिला पकडलं. मी मुख्याध्यापिका होते. समोरचे चुळबूळ करायला लागले तरी मी थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तर, सहल. तुमच्या-आमच्यासारख्या माणसाला सहल म्हणजे काय वाटतं? कुठेतरी जावं, काहीतरी बघावं, दमून घरी यावं. या मंडळाच्या सहलीत गाडीने जायचं आणि पोचल्यावर बघायचं काय, तर दुसरी गाडी. डोंगरावरच्या त्या थंड हवेच्या गावी आम्ही किती उन्हाळे गेलो. ते गाव मी अजून पाहिलेलं नाही. स्टेशनामागे इंजिनांची शेड आहे, तेवढी मात्र मला पाठ आहे.

माझ्या ताईचं मागणं काही अवाच्या सव्वा नव्हतं. एक दिवस नवऱ्याने गाडीत शेजारी बसावं, आणि उतरल्यावर दोघांनी मिळून असं काहीतरी बघावं, ज्याला चाकं नाहीत. एवढंच. पण गाडी हलली की भाऊजी दाराशी. शेजारच्या जागेवर त्यांची खाकी पिशवी. त्यात दुर्बीण, टोपी आणि इंजिनाला हात लावल्यावर पुसायचं फडकं. ताईचा निम्मा संसार त्या पिशवीला टेकून झाला. कोणी विचारलं, "इथे कोणी बसलंय का?" तर ती म्हणायची, "हो, आमचे हे."

आता मंडळाचा एक रिवाज पाहुण्यांसाठी सांगते. गाडी कुठलीही असो, ती सुटायला लागली की सभासदांनी फलाटावर रांगेत उभं राहायचं, हात उंच करायचा आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत बोलायचं नाही, पाठ फिरवायची नाही. मालगाडीलासुद्धा हा मान आहे. शाळेत प्रार्थनेला इतकी शिस्त मला कधी लावता आली नाही.

एका उन्हाळ्यात ताईने हट्टच धरला, की या वेळी तळं. गाडी जिथे संपते तिथून तळं चालत जाण्याइतकं जवळ. भाऊजींनी शब्द दिला. ताईने नवी साडी काढली. वाटेत एका जंक्शनवर गाडी थांबली आणि समोरच्या रुळावर जुनं वाफेचं इंजिन पाणी घेत उभं. मग काय विचारता. सगळे पुरुष खाली. आम्ही बायका आत, थर्मास उघडून.

तेवढ्यात शिट्टी झाली. गाडी हलली. आणि माझ्यासमोर फलाटावर या सगळ्यांनी रांग धरली, हात वर केले आणि आम्हाला निरोप दिला.

ताई खिडकीतून ओरडतेय, "अहो, चढा, आपलीच आहे." भाऊजींनी हात आणखी उंच केला. आपले छायाचित्रकार चित्रण करत होते, त्यांनी खिडकीतल्या एका बाईला खूण केली, की जरा आत व्हा, मध्ये येताय. ती त्यांची स्वतःची बायको होती. शेवटचा डबा वळणाआड गेला, तरी मंडळी स्तब्ध. मग म्हणे आपल्या मंडळातले दंतवैद्य म्हणाले, "काय सुंदर सुटली." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग कोणीतरी विचारलं, "आपली कितीला आहे?"

हे मी पदरचं सांगत नाही. ते चित्रण मंडळाकडे आहे, आणि दर वर्धापनदिनाला ही मंडळी ते अभिमानाने दाखवतात. का, तर चाकांचा आवाज फार स्वच्छ आलाय.

आम्ही बायका पुढे गेलो. तळं पाहिलं, नावेत बसलो, हसून हसून पोटं दुखली. संध्याकाळी परत आलो तर जंक्शनवर सगळे उपाशी आणि सुखी. भाऊजी तेवढे ओशाळले होते. त्यांनी ताईला विचारलं, "कसं होतं तळं?"

ती म्हणाली, "छान होतं. नाव हलली तेव्हा हात धरायला पिशवी होती."

भाऊजी त्या दिवशी घरापर्यंत शेजारी बसले. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दाराशी. माणूस वाईट नाही हो, पण रूळ दिसले की त्याचं भान सुटतं.

पुढे तळ्याकडे जाणारी ती रेल्वेची शाखाच बंद झाली. रूळ उखडले. तिकडे आता फक्त बस जाते. आणि यंदा सहलीचं ठरत असताना ताई जेवता जेवता शांतपणे म्हणाली, "मी येणार नाही. गुडघे दुखतात, आणि पिशवीशी बोलायला मी घरीही बसू शकते." भाऊजींचा घास हातातच राहिला. त्याच आठवड्यात हा बसचं नाव काढलं की मळमळणारा माणूस एकटा बसने गेला आणि तळ्याकाठी दोघांनी राहायला भाड्याने घर ठरवून आला.

मंडळाचं शिष्टमंडळ समजूत घालायला गेलं. छायाचित्रकार कळवळून म्हणाले, "अहो, त्या गावात रूळ नाहीत." भाऊजी म्हणाले, "माहीत आहे. काढले तेव्हा मी तिथेच उभा होतो. पण तिला तळं एकटीने बघायला लावलं, ते मला राहून राहून टोचतं." हे ऐकलं तेव्हा मी, जिने या माणसाला जन्मभर टोमणे मारले, स्वयंपाकघरात जाऊन रडले. आज इथे सांगायला हरकत नाही.

उद्या सकाळी ती दोघं निघतायत. मंडळात कुजबुज आहे, की बसला निरोप कसा द्यायचा, आपल्या रिवाजात बस बसत नाही. माझी विनंती आहे, बसवा. स्टँडवर रांगेत उभे राहा, हात वर करा, ती लाल धूळमाखली गाडी वळेपर्यंत पाठ फिरवू नका. फक्त निघण्याआधी एकदा खात्री करून घ्या, की या वेळी भाऊजी आत आहेत.

अध्यक्षांनी घंटेवर हात ठेवलेला मला दिसतोय. आपण मला बोलू दिलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाला लागेलसं काही निघालं असेल तर मुख्याध्यापिकेची जुनी खोड समजून पोटात घाला.

आणि भाऊजी, उद्या ती पिशवी पायाशी ठेवा.