लेकीसाठी बांधलेला संडास

मंडळी, आज या गादीवरून संडासाची गोष्ट सांगणार आहे. हसा, हसून घ्या! मृदंगवाले, तुम्हीसुद्धा. पण आधी एक सवाल पदरात घ्या — देव पाहुणा होऊन दारात आला, तर आपण पायघड्या घालतो. आणि तोच देव जन्मभर आपल्याच चुलीपुढं बसलेला असला, तर? ओळखू येतो का? बोला की! ... बरं, राहू द्या. मग ऐका.

आमच्या गावात — वीसेक वर्षांमागचं बोलतोय — हैबती अण्णा म्हणून एक गृहस्थ होते. खाऊनपिऊन सुखी. बायको केसरबाई आणि एकुलती लेक निर्मला. लेक म्हणजे अण्णांचा जीव की प्राण! लहानपणी बापाच्या ताटात जेवायची, बाजारच्या दिवशी रेवड्यांसाठी वेशीपर्यंत पळत जायची. लग्न होऊन तालुक्याला गेली आणि अण्णांचं घर मुकं झालं.

काय दिवस होते ते! गावात कुणाकडंच संडास नव्हता. पहाटे बाया टमरेलं घेऊन गावाबाहेरच्या पांदीकडं, झाडीतल्या शेतवाटेकडं निघायच्या. बांगड्यांचा आवाज, खुसूखुसू हसणं. नवी सून सासूचं गाऱ्हाणं सांगायची ते तिथंच. ती पांद म्हणजे सुनांचं माहेर होतं. आठवलं की बरं वाटतं, नाही का? वाटणारच. आपण बाप्ये माणसं! रस्त्यावरून ट्रकचा उजेड पडला की टमरेल टाकून उभं राहायचं — हे आपल्याला कधी करावं लागलं?

तर दिवाळीला निर्मला आली. चार दिवस राहणार म्हणाली आणि एका रात्रीत परत निघाली. अण्णांचा चेहरा उतरला. "आपलं काय चुकलं गं?"

केसरबाई भाकरी उलटत म्हणाली, "काय चुकलं न्हाई. पोर दिवस मावळला की पाण्याचा घोट घेत न्हाई. तिकडं घरात संडास हाय. हितं अंधारात बाहेर जायला नको, म्हणून तहान मारती."

अण्णांनी ऐकलं. पण 'हे तुला कसं कळलं', असं विचारलं का? नाही विचारलं. तुम्ही तरी विचारलं असतं का?

अण्णा पेटले! गवंडी आणला, शोषखड्डा खणला, पांढरंशुभ्र भांडं बसवलं, भिंतीला निळी फरशी लावली. अख्ख्या घराला शेणाची जमीन आणि संडासाला निळी फरशी! माणसं बघायला यायची. अण्णांनी दाराला कुंकू लावलं, नारळ फोडला — बाहेर फोडला, घाबरू नका — आणि कुलूप घातलं. पहिला मान लेकीचा!

शेजारी म्हणायचे, "अण्णा, आत काय देव ठेवलाय का?"

"अजून यायचाय," अण्णा म्हणायचे.

उन्हाळा गेला, पाऊस लागला, कुलूप तसंच. केसरबाईचे गुडघे धरलेले. तरी चिखलातून काठी टेकत पांदीला जायची. किल्ली तिनं मागितली नाही आणि अण्णांनी दिली नाही.

पंचमीला निर्मला माहेरी आली. अण्णांनी किल्ली हातात ठेवली, पोरीचे डोळे भरून आले. संध्याकाळी सगळे जेवायला बसले. निर्मलानं तांब्या उचलला आणि गटागटा पाणी प्यायली. अण्णा बघत राहिले. जन्माचं सार्थक झालं, असं वाटलं त्यांना.

लेक म्हणाली, "आई, तू घे की पाणी."

"मला तहान न्हाई गं."

"तुला रातच्याला कधीच तहान नसती. ल्हानपणापासनं बघते मी. न पिता राहायला कुणाकडनं शिकले, आई?"

अण्णांचा घास हातातच राहिला. त्यांना नवी नवरी केसर आठवली. जेवण झालं की तांब्या पालथा घालायची. आणि अण्णा पारावर कौतुकानं सांगायचे, "आमच्या घरात उंटीण आलीया, पाणीच लागत न्हाई तिला!" सगळे हसायचे. घरी येऊन तिलाही सांगायचे, तीही हसायची. लेकीची एका रात्रीची तहान बापाला सोसली नाही, मंडळी. बायकोची उभी हयात तहानेत गेली, ती दिसलीच नाही!

अण्णा उठले. माठातलं पाणी तांब्यात घेऊन केसरबाईपुढं ठेवलं.

"पी."

"अहो, पोरीसमोर हे काय..."

"पी, केसर. पोटभर पी."

लेकीदेखत तिचं नाव घेतलं त्यांनी. ती प्यायली. थांबत थांबत प्यायली, सवय कुठं होती? मग पदरानं तोंड पुसून एवढंच म्हणाली, "गार हाय."

आता गावोगावी संडास झाले, पांदी बुजल्या. पण कुलपं निघाली का? चांगलं ताट पाहुण्याला, चांगली गादी पाहुण्याला, गोड शब्दही पाहुण्यालाच! आता घरी जाल, जेवायला बसाल. महाराज काय बोलले, याची चर्चा नको. वाढणारी बाई सगळ्यांच्या मागून जेवायला बसेल, तेव्हा तुम्ही तिथून उठू नका. तिनं काय खाल्लं, काय टाळलं, एवढं बघा. आणि विचारा तिला — का?

उत्तर ऐकवेल ना? मग म्हणा माझ्याबरोबर — विठ्ठल, विठ्ठल!