उस्तादांचं वजन

ओतारी : ...आणि म्हणे बापाचा पुतळा बगलेत मारून स्कूटरवर नेतो. पुतळा आहे की बाजारातलं कलिंगड?

खिडकीवाला : छातीपर्यंतचाच तर आहे, दादा. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा. फार तर तेरा किलो भरेल. मग काय क्रेन मागवू?

ओतारी : माझ्या ज्या उस्तादांनी चाळीस वर्षं जहाजांच्या नि शाळांच्या घंटा ओतल्या, काशाशिवाय कशाला हात लावला नाही, त्यांना तू खिडकीच्या पट्टीत बसवायला निघालास. धन्य आहेस, शेठ.

खिडकीवाला : झालं तुझं सुरू. अरे, अ‍ॅल्युमिनियमची विमानं उडतात. तुझं कासं काय करतं? एका जागी लटकतं, नि कुणी ठोकलं की ओरडतं.

ओतारी : तुझं ठोकलं तर काय होतं? पोचा येतो. आवाज म्हणशील तर 'थक्'. सर्दी झाल्यासारखा.

खिडकीवाला : गंजत तर नाही.

ओतारी : कासं कुठं गंजतं? कासं हिरवं पडतं, म्हणजे म्हातारं होतं. तुझं पांढरं पडतं. आजारी दिसतं.

खिडकीवाला : म्हणून तर तुला वरून काशाचा रंग मारायला सांगितला. चार हातांवरून कुणाच्या बापाला कळणार नाही.

ओतारी : तुझ्या बापाला कळलं असतं. एक टिचकी मारून सांगायचे, 'कथील कमी पडलंय, परत वितळवा.' मी रडकुंडीला यायचो. तू तर तोवर भट्टी सोडून पळालाच होतास.

खिडकीवाला : पळालो नाही, हाकललं मला. पहिली सरकती खिडकी बसवली, तर गिऱ्हाइकासमोर म्हणाले, 'छान. वाराच लाजून थांबेल.'

ओतारी : वाक्य चांगलंय.

खिडकीवाला : वीस वर्षं डोक्यात वाजतंय ते. म्हणून मला ते माझ्याच धातूत हवेत. माझ्या शोरूममध्ये, माझ्या ब्रॅकेटवर. बसू देत आता गप.

आई : रस्त्यापर्यंत आवाज येतोय दोघांचा. झाला का रे यांचा पुतळा?

ओतारी : या काकू. हा काय, पोत्याखाली. शेठ एका हातानं नेणार आहेत म्हणे.

आई : मग ने की.

खिडकीवाला : हा बघ, उचलला. त्यात काय एवढं...

(पोतं घसरतं. पुतळा जागचा हलत नाही.)

खिडकीवाला : दादा, टेबलाला ठोकलायस ना? पुरे तुझी थट्टा. खिळे काढ.

ओतारी : दुसरा हात लावून बघ. विमानच आहे ते, उडेल.

खिडकीवाला : हे... हे कासं आहे. पोतंभर तुकडे दिले होते मी तुला, खिडक्यांचे. त्यांचं काय केलंस?

ओतारी : साबणदाण्या. अकरा झाल्या. हलक्या आहेत, गंजत नाहीत. एक घेऊन जा.

खिडकीवाला : आणि हे कासं कुणी दिलं?

आई : मी. पलंगाखालची घंटा दिली.

खिडकीवाला : ती तडा गेलेली? कुणाची तरी परत आलेली ना ती? बाबा हात लावू द्यायचे नाहीत तिला.

आई : कुणाची कशाला? तुझीच. चौदा वर्षांचा होतास. पहिली ओतलीस आणि गार व्हायच्या आधीच साचा फोडलास. तू विसरलास. त्यांनी ठेवली.

खिडकीवाला : मला वाटलं, तेव्हाच वितळवली असेल.

ओतारी : चार वेळा मी म्हणालो, उस्ताद, घालू का भट्टीत? चारही वेळा शिव्या खाल्ल्या. आता तेवढी पुरेना, म्हणून तांबं वाढवलं. नुसत्या घंटेच्या काशाचा केला असता, तर पडल्याबरोबर नाक फुटलं असतं. घे, तुझ्याच धातूत हवे होते ना?

खिडकीवाला : ...टिचकी मारू?

ओतारी : कानावर मार. तिथं पातळ आहे.

खिडकीवाला : वाजतंय रे.

ओतारी : नाही तर काय, सरकेल?

खिडकीवाला : माझं ब्रॅकेट नाही धरायचं याला.

ओतारी : वाराच लाजून थांबेल.

खिडकीवाला : गप बस. खालून धर जरा, माझ्या एकट्याच्यानं होत नाही.

आई : दोघं मिळून उचला. एकट्याला तो माणूस कधी झेपलाच नाही. मलासुद्धा.